छापलेल्या इंजिनाची तपासणी

९ मे २०२४ रोजी तमिळनाडूतल्या महेंद्रगिरी इथे इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन सलग ६६५ सेकंद चालवून पाहिलं. हे इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेलं होतं. पूर्वी त्यासाठी १४ सुटे भाग जोडावे लागत. आता ते एकसंध झालं आणि वेल्डिंगचे १९ जोड गेले. ५६५ किलो धातूच्या जागी १३.७ किलो पावडर पुरली. हे यश मोठंच आहे. पण वेल्डचा जोड तपासणाऱ्याला निदान दोष कुठे शोधायचा हे ठाऊक असतं. जोडच नसेल, तर एक्स-रे नेमका कुठे रोखायचा?

भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर चढणारा बार आपलं टेस्ट सर्टिफिकेट घेऊनच येतो. धातू चांगला आहे की नाही, हे आधीच ठरलेलं असतं. कारागीर त्याला आकार देतो आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर तो आकार तपासतात. प्रिंटरमध्ये मात्र धातू आणि आकार एकदमच तयार होतात. सर्टिफिकेट पावडरीचं असतं. ती वितळून गोठल्यावर जे बनतं त्याचं नसतं. माझ्या मते या तंत्रज्ञानाची खरी कसोटी इथेच आहे.

यंत्र पावडरीचा केसाहूनही पातळ थर पसरतं. लेझरचा ठिपका त्यावरून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने धावतो. तो पडतो तिथे वितळलेल्या धातूचं इवलंसं डबकं होतं आणि पापणी लवायच्या आत गोठतं. ४० मायक्रॉनचा एक थर धरला, तर ३० सेंटिमीटर उंचीच्या भागाला ७,५०० थर लागतात. त्यातल्या कुठल्याही थरात चूक राहू शकते.

ऊर्जा कमी पडली, तर थर एकमेकांत मुरत नाहीत आणि टोकदार कडांच्या चपट्या पोकळ्या राहतात. तडा सुरू व्हायला अशी कड पुरते. ऊर्जा जास्त झाली, तर धातू उकळतो. वाफेच्या दाबाने डबक्यात खोल, अरुंद विवर पडतं. त्याला कीहोल म्हणतात. हे विवर अस्थिर होऊन मिटलं, की तळाशी बुडबुडा अडकतो. शिकागोजवळच्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉनच्या प्रखर एक्स-किरणांनी हा प्रकार धातूच्या आरपार पाहता आला. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासाने दाखवलं, की या छपाईत वापरल्या जाणाऱ्या लेझरच्या शक्तीच्या आणि वेगाच्या साऱ्या पट्ट्यात कीहोल असतातच. म्हणजे ते टाळता येत नाहीत. त्यांना स्थिर ठेवावं लागतं.

कारखान्यात सिंक्रोट्रॉन नसतो. तिथे सीटी स्कॅन असतो. पण २०० मिलिमीटर रुंदीचा जॉब २,००० ठिपक्यांच्या डिटेक्टरवर बसवला, तर एका ठिपक्याच्या वाट्याला ०.१ मिलिमीटर येतो. त्याहून बारीक पोकळी मग पुसट होऊन जाते. शिवाय निकेलच्या जाड भिंतीतून एक्स-किरण पार होताना थकतात. भाग जितका मोठा आणि मोलाचा, तितकं त्याच्या आत कमी दिसतं. आर्किमिडीजच्या पद्धतीने पाण्यात तोलून घनता काढता येते, पण ९९.९ टक्के हा आकडा पोकळी कुठे आहे ते सांगत नाही. तीच पोकळी भिंतीच्या मध्यभागी असली तर बऱ्याचदा निभावून जातं. पृष्ठभागालगत असली, तर वारंवार ताण बसणारा भाग तिथूनच फाटू लागतो. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन आतल्या पोकळ्या मिटवता येतात. बाहेर उघडणाऱ्या मात्र मिटत नाहीत, कारण दाबाचा वायूच त्यांत शिरतो.

म्हणून छपाई चालू असतानाच मोजण्याची धडपड आहे. डबक्यावर कॅमेरे रोखलेले असतात, पण त्यांना दिसतं ते तेज. त्यावरून तापमान काढायचं, तर पृष्ठभाग किती उत्सर्जन करतो हे माहीत हवं. पावडर, द्रव आणि गोठलेला धातू, तिघांचं उत्सर्जन वेगळं, आणि मध्ये वाफेचा पडदा. जॉबशेजारी छापलेले चाचणीचे तुकडे तोडून ताकद पाहतात, पण पातळ भिंतीत उष्णता साचते तशी त्या ठोकळ्यांत साचत नाही. त्यामुळे त्यांची साक्ष अपुरी पडते. नासाने २०२१ मध्ये काढलेल्या ६०३० क्रमांकाच्या मानकाचा भर म्हणूनच तयार भागाइतकाच यंत्र, पावडर आणि प्रक्रिया काबूत ठेवण्यावर आहे.

अमेरिकेची मापनसंस्था निस्ट ‘एएम-बेंच’ नावाने नमुने छापून काटेकोर मोजते, आणि उत्तरं उघड करण्याआधी जगभरच्या संशोधकांकडून अंदाज मागवते. २०१८ मध्ये त्यात पुलाच्या आकाराचा एक तुकडा होता. प्लेटपासून कापून सोडवल्यावर आतल्या ताणामुळे तो किती वर उचलला जाईल, हे सांगायचं होतं. आपल्याकडेही आता छापलेली इंजिनं उडू लागली आहेत. चेन्नईच्या अग्निकुल या कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून तसं उड्डाण केलं. इथल्या यंत्रांवरची, इथल्या पावडरींची अशी मोजमापं सर्वांसाठी खुली व्हायला हवीत. लेझरची सेटिंग्ज ज्याची त्याने तिजोरीत ठेवली, तर नव्याने उतरणाऱ्या छोट्या कारखान्याला तेच तुकडे पुन्हा छापून पुन्हा तोडावे लागतील.