अग्निशमन सेवा आणि नगरपरिषदेचे अंदाजपत्रक

दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस राज्यातील नगरपरिषदांच्या सभागृहांत पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा विचार सुरू होतो. रस्ते, नळाचे पाणी, दिवाबत्ती, गटारे, बाजारओटे या विषयांवर सदस्य हिरिरीने बोलतात. कारण या मागण्यांच्या पाठीशी नागरिकांचा रोजचा तगादा असतो. अग्निशमनाच्या लेखाशीर्षावर मात्र क्वचितच चर्चा घडते. आग लागेपर्यंत या सेवेची आठवण कोणास होत नाही, आणि आग लागल्यानंतर अंदाजपत्रकात दुरुस्ती करून ती विझविता येत नाही. ज्या सेवेची गरज वर्षातून काही तासांपुरतीच भासते, पण जी वर्षाचे सर्व दिवस सज्ज ठेवावी लागते, तिच्यासाठी मर्यादित उत्पन्नातून किती व कशी तरतूद करावी, हा लहान नगरांपुढील खरा प्रश्न आहे. अकोला जिल्ह्यातील बाळापूरच्या उदाहरणावरून तो नीट समजून घेता येईल.

नगराची ठेवण व आगीचा हंगाम

बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे गाव आहे. येथील प्रसिद्ध किल्ल्याचे बांधकाम १७२१ मध्ये सुरू झाले आणि १७५७ मध्ये ते पूर्ण झाले. अशा जुन्या नगरांतील गल्ल्या ज्या काळात आखल्या गेल्या, त्या काळात माणसे, बैलगाड्या व घोडे एवढीच वाहतूक होती. आज त्याच गल्ल्यांतून अवजड अग्निशामक बंब न्यावयाचा असतो. दुतर्फा उभ्या दुचाक्या, पुढे आलेले ओटे आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांमुळे ठाण्यातून वेळेवर निघालेला बंबही जळत्या घरापासून शंभर पावलांवर अडून राहू शकतो.

नगराची ठेवण अशी, तर हवामानही आगीस पोषक आहे. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. या दिवसांत नद्यांचे पाणी आटते, वारे सुटतात आणि शेतशिवारात कडब्याच्या गंज्या, कुटार व पऱ्हाटीचे ढीग वाळून खडखडीत झालेले असतात. त्यापूर्वीच्या चार-पाच महिन्यांत कापसाचा हंगाम असतो. कापसाची आग ही फसवी आग होय. जिनिंगच्या यंत्रात कापसाबरोबर गेलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडण्यास पुरेसा होतो. यंत्राचे तापलेले बेअरिंगही तेच करते. तंतूंच्या मधल्या पोकळीत हवा असल्याने ठिणगी आत धुमसत राहते. वरून पाणी मारले तरी ते ढिगात खोलवर मुरत नाही. विझली असे वाटणारी गाठ कित्येक तासांनी पुन्हा पेट घेते. यास्तव कापसाच्या आगीवर ढीग उपसणारी माणसे, भरपूर पाणी आणि रात्रभराची राखण या तिन्ही गोष्टी लागतात.

कापूस व आग यांच्या संबंधाची एक मोठी आठवण मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यात स्फोटकांच्या सोबतीनेच कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. पुढे झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

कायद्याने सोपविलेले कर्तव्य

ब्रिटिश काळात वऱ्हाडातील नगरपालिकांना मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९२२ च्या अधिनियमाचा आधार होता. पुढे राज्यातील निरनिराळे कायदे एकत्र आणून १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम करण्यात आला. या अधिनियमाने नगरपरिषदेची कामे आवश्यक आणि ऐच्छिक अशी विभागली आहेत. आग विझविणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे आवश्यक कर्तव्यांत मोडते. रस्त्यावरील दिवे आणि साफसफाई यांच्याच पंक्तीला कायद्याने अग्निशमनास बसविले आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील १८ विषयांत ‘अग्निशमन सेवा’ हा सातवा विषय आहे.

त्यानंतर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा स्वतंत्र कायदा झाला आणि डिसेंबर २००८ पासून तो लागू झाला. त्यानुसार ज्या इमारतींना तो लागू होतो तेथील आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून त्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत १० नवजात बालकांचा मृत्यू झाला, तेव्हा अशा तपासणीचे मोल सबंध राज्यास कळून आले.

बंब एकदाच घेतला जातो. सेवा दरवर्षी घ्यावी लागते

अंदाजपत्रकाची प्रक्रिया थोडक्यात अशी असते. मुख्याधिकारी जमाखर्चाचा अंदाज तयार करतात, स्थायी समिती त्याची छाननी करते आणि नगरपरिषदेच्या विशेष सभेत त्यास मंजुरी दिली जाते. सदस्यांसमोर कागद येतो तेव्हा बऱ्याच रकमा आधीच बांधल्या गेलेल्या असतात. वेतन, निवृत्तिवेतन, पाणीपुरवठ्याचे वीजबिल आणि कर्जाचे हप्ते चुकवावेच लागतात. दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठी ठरावीक टक्केवारी राखून ठेवावी लागते. उरलेल्या रकमेवर सर्व प्रभागांची नजर असते.

उत्पन्नाची बाजूही पूर्वीसारखी राहिलेली नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी व गाळेभाडे ही स्वतःची साधने उरली. वित्त आयोगाचा निधी मिळतो. तथापि त्यास अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या नगरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, स्वच्छता व घनकचरा यांसाठी बंधित ठेवली. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम बाराव्या अनुसूचीतील विषयांवर खर्च करण्यास मोकळी होती. पण वेतन व आस्थापना यांवर ती खर्च करण्यास मनाई होती. याच आयोगाने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली आणि केंद्र शासनाने २०२३ मध्ये त्यानुसार योजना सुरू केली.

या अटींचा अर्थ नगरसेवकांनी पक्का ध्यानी धरावयास हवा. अनुदानातून बंब येऊ शकतो, ठाण्याची इमारत उभी राहू शकते. बंब चालविणाऱ्या माणसाचा पगार मात्र बहुधा नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच द्यावा लागतो. डिझेल, टायर, बॅटरी, पंपाची दुरुस्ती, फाटलेल्या नळ्यांची बदली व वाहनाचा विमा हे खर्चही दरवर्षी उभे राहतात. नव्या बंबाचे पूजन करून छायाचित्र काढता येते. नळीच्या बदलीचे कोणी छायाचित्र काढत नाही. म्हणूनच भांडवली खर्चाची बाजू सजते आणि महसुली बाजू उपाशी राहते. मालमत्ता कराची थकबाकी आणि ठाण्यातील अपुरी माणसे यांचा संबंध हा असा थेट आहे.

थोडा हिशेब

देशातील अग्निशमन सेवांसाठी मानके सुचविणाऱ्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने तीन लाखांपर्यंत लोकसंख्येच्या नगरांत दर ५०,००० लोकांमागे एक बंब असावा असे सुचविले आहे. या मापाने बाळापूरसारख्या नगरास एक बंब म्हणजे काही चैन नव्हे. आता त्या एका बंबासाठी माणसे किती लागतात ते पाहू. एक प्रमुख, एक चालक व चार फायरमन असे सहा जण एका पाळीस धरले, तर तीन पाळ्यांना अठरा जण होतात. आठवड्याची सुट्टी धरली की ही संख्या एकवीसवर जाते, आणि रजा व आजारपण हिशेबात घेतल्यास आणखी दोघे-तिघे लागतात. एवढी पदे एकाच वर्षी भरणे लहान नगरास जमणार नाही. परंतु रात्रीच्या पाळीत किमान प्रशिक्षित चालक व दोन फायरमन असलेच पाहिजेत, ही मर्यादा कोणत्याही काटकसरीने ओलांडू नये. प्रशिक्षणासाठी वऱ्हाडास दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे.

पाण्याचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी मावते असे धरले आणि एका नळीतून मिनिटास ४५० लिटर पाणी फेकले, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. दोन नळ्या लावल्या तर पाचच मिनिटांत. म्हणजे आग विझविण्याचे काम बंबाइतकेच पाणी भरण्याच्या जागेवर अवलंबून असते. नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे असते. यास्तव उंच टाक्यांखाली बंब भरण्याचे मोठे तोंड, बारमाही विहिरींवर वीजपंप आणि खासगी टँकरमालकांशी आगाऊ ठरविलेला दर या स्वस्त तरतुदी मार्चपूर्वीच पूर्ण झालेल्या बऱ्या.

वेळेचा हिशेब शेवटचा, पण सर्वांत कठोर. बाळापूरहून अकोला सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि दुसऱ्या दिशेने खामगावही जवळपास तेवढेच दूर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने बाहेरचा बंब यावयास अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात वाळल्या गंजीची राख होते आणि लाकडी माळ्याचे घर बसते. शेजारच्या नगरांचे साहाय्य मोठ्या आगीत अमूल्य ठरते. पहिल्या दहा मिनिटांत मात्र नगराला स्वतःच्याच ठाण्यावर विसंबावे लागते.

उपविधी : कमी खर्चाचा उपाय

आग विझविण्यापेक्षा ती लागू न देणे स्वस्त पडते, आणि येथे नगरपरिषदेच्या हाती पैशाहून मोठे साधन आहे. अधिनियमाने तिला उपविधी करण्याचा अधिकार दिला आहे. मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागविणे आणि सक्षम प्राधिकरणाची मान्यता घेणे हे टप्पे त्यासाठी पार करावे लागतात. वर्षभरात अनेक उपविधी हाती घेणे शक्य नसल्याने अग्रक्रम ठरविणे अगत्याचे असते. दाट वस्तीत कापूस, रद्दी, भंगार व फटाके यांची साठवण, बंबाच्या मार्गावरील वाहनतळ व अतिक्रमण, आणि मंगल कार्यालयांतील मंडपांची रचना हे तीन विषय आगीच्या दृष्टीने पहिल्या रांगेत बसतात. नगरातील निवडक गल्ल्या ‘बंबाचा मार्ग’ म्हणून घोषित करून त्या कायम मोकळ्या ठेवण्यास फारसा पैसा लागत नाही. निर्धार मात्र लागतो. इमारत परवानगी देताना २००६ च्या अधिनियमाखालील शुल्क नियमाने आकारले आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला, तर हीच रक्कम सेवेच्या उपयोगी पडते.

शाळांचाही यात वाटा आहे. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये, विजेच्या आगीत प्रथम प्रवाह बंद करावा, धुरातून बाहेर पडताना वाकून चालावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर ठिकाण नेमके सांगावे, या चार गोष्टी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचू शकतात.

गावांचा संबंध

नगराचा बंब नगरापुरताच राहत नाही. वाडेगाव, व्याळा, उरळ, पारस अशा तालुक्यातील गावांत गोठा पेटला की दूरध्वनी जवळच्याच ठाण्यात येतो. ही हाक कोणीही नाकारू नये. परंतु बंब हद्दीबाहेर असताना नगर उघडे पडते, हेही विसरता येत नाही. यावर उपाय म्हणजे आधी केलेला करार. हद्दीबाहेरील सेवेचा दर, इंधनाचा भार आणि पाणी देण्याची जबाबदारी यांविषयी नगरपरिषद व ग्रामपंचायती यांनी ठराव करून ठेवल्यास आगीच्या वेळी परवानगीसाठी कोणाला शोधत फिरावे लागणार नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या बाजूने गंज्या घरांपासून व एकमेकींपासून अंतर ठेवून रचण्याचा नियम ग्रामसभेत घालून द्यावा.

सभेत विचारावयाचे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि अनेक ठिकाणी प्रशासकांकडे असलेला कारभार पुन्हा लोकप्रतिनिधींच्या हाती आला. नव्या सदस्यांनी अंदाजपत्रक पुढ्यात आल्यावर काही साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी अग्निशमनासाठी ठेवलेल्या रकमेतून प्रत्यक्ष किती खर्च झाला आणि किती रक्कम पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळली? आज रात्री ठाण्यात किती प्रशिक्षित माणसे हजर असतील? किती नळ्या वापरण्याजोग्या आहेत? बंब कोठे भरला जाईल? सूचना मिळाल्यापासून बंब निघेपर्यंत व पोहोचेपर्यंतची वेळ नोंदवहीत लिहिली जाते काय?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर तरतूद वाढवावयाची की असलेलीच नीट खर्च करावयाची, हे सभागृह जाणीवपूर्वक ठरवू शकेल. अंदाजपत्रकाचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि वऱ्हाडातील आगीचा कडक हंगामही त्याच सुमारास. निविदा, खरेदी व दुरुस्ती यांना दोन-तीन महिने सहज लागतात. तेव्हा एप्रिलमध्ये बंब सज्ज हवा असेल, तर त्याच्या नळ्यांचा विषय जानेवारीच्या सभेतच निघाला पाहिजे.