तांबी काढली, पुढे काय?

वस्तीत महिलांची बैठक असली की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : पाळणा लांबवायला काही वापरता का? पुष्कळ जणी म्हणतात, "वापरत होते, सोडलं." का सोडलं, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलेच नसते.

नको असताना दिवस जातात ते बऱ्याचदा याच मधल्या काळात. एक साधन सुटलेले असते, दुसरे अजून धरलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३६ देशांचा अभ्यास मांडला, त्यात दर चार गरोदरपणांतले एक असे नको असताना आलेले होते. साधन का सोडले, याची कारणेही आपल्या वस्तीतलीच वाटावीत अशी : त्रासाची भीती, तब्येतीची काळजी आणि 'आता कुठले दिवस जातायत' हा भरवसा.

आधी त्रासाचे बघू. तांबी बसवल्यावर पहिले तीनेक महिने पाळीत जास्त जाते, कळा येतात. बहुतेकींचे ते पुढे कमी होते. पण हे आधी सांगितलेच नाही, तर बाई घाबरणारच. त्यातून जी बांधकामावर किंवा कारखान्यात दिवसभर उभी आहे, जिला कपडा बदलायला आडोसा नाही, तिने तीन महिने कसे काढायचे? तिला 'जरा सहन कर' म्हणणे सोपे आहे. आम्हाला विचाराल तर अशा बाईने तांबी काढून घेतली यात तिची काही चूक नाही. काढून मागणे हा तिचा हक्क आहे आणि त्यासाठी तिला ओरडा खावा लागू नये. फक्त एक ध्यानात ठेवा, तांबी निघाली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. म्हणून काढायला जाल त्याच दिवशी दुसरे साधन हातात घेऊनच घरी या, निदान निरोधची पाकिटे तरी.

(तांबी असताना ताप, घाण वासाचे पाणी जाणे, पोटात असह्य दुखणे किंवा दोरा हाताला न लागणे यांपैकी काही झाले तर मात्र थांबू नका.)

अंतरा इंजेक्शनाची भीती उलटी. त्याने पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. मग शेजारीण सांगते, "रक्त पोटात साठतंय." साठत नाही हो. पिशवीचे अस्तरच पातळ राहते, त्यामुळे बाहेर पडायला काही नसते. हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. तारीख हुकली तरी चार आठवड्यांच्या आत घेता येते, म्हणून 'चुकलंच आता' म्हणून घरी बसू नका.

भरवशाचे प्रकार दोन. अंगावर पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत, हे खरे आहे, पण मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला फक्त अंगावरचेच दूध असेल आणि पाळी परत आली नसेल तरच. तिन्हीतले एक जरी सुटले की भरवसा संपला. दुसरा प्रकार, नवरा पुण्या-मुंबईला कामाला किंवा ट्रकवर. तो इथे नाही तर गोळी कशाला, म्हणून पाकीट फडताळात जाते. मग तो जयंतीला चार दिवस घरी येतो. माला-एन त्या चार दिवसांपुरती घेऊन भागत नाही, ती रोज लागते. अशा घरी निरोध बरा, किंवा छाया गोळी. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच असते, तीही न चुकवता. एखाद्या वेळी साधन राहूनच गेले तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी असते, जितकी लवकर तितकी चांगली. हे सगळे सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. आशाताईंना किंवा नागरी आरोग्य केंद्रात विचारा.

आणि दिवस गेलेच तर? मेडिकलमधून गोळ्या आणून घरच्या घरी घेऊ नका. १९७१ च्या कायद्याने गर्भपात करून घेता येतो. साधन फसले हे कारण त्यात धरलेले आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेले असण्याची अट नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

आता बंधूंसाठी. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी तयार झाले नसते, असे त्यात सुनावले होते. ठराव फेटाळला गेला. आज महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास जणींचे ऑपरेशन झालेले आहे, आणि पुरुषांच्या ऑपरेशनचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. ताकद जाते, ओझे उचलता येत नाही, ही भीती आम्ही हमालांच्या तोंडून ऐकतो. बिनटाक्याच्या नसबंदीने ताकद जात नाही, संबंधातही फरक पडत नाही. चिरफाड नाही, त्याच दिवशी माणूस घरी येतो. मात्र ती लगेच लागू होत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करून घ्यायची आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असे आले की मगच बायकोने आपले साधन बंद करायचे.