पोटातल्या पाण्याचा हिशेब

"मॅडम, पॉइंट तेवढा दाखवून द्या ना जी!" वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात गाडीतून उतरलं की हेच ऐकू येतं. भूजल शास्त्रज्ञांच्या टीमची प्रमुख म्हणून माझं काम मात्र बरेचदा उलटंच असतं. बोअर कुठे घेऊ नये, हे सांगायचं!

इथे खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात नि फटींमध्ये. बोअर शेकडो फूट खोल नेली तरी पाऊस तेवढाच. मग शेजारणीची विहीर आटते. २००९ च्या राज्य भूजल कायद्यात शेती-उद्योगांसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, ते यासाठीच.

एका सभेत एक बाई उठल्या. "बोअर नाही मारली तं बाग वाळते, मारली तं कर्ज होते. आता तुमीच सांगा!" सभा चिडीचूप. टीममधल्या नव्या पोरीला वाटलं, 'बघू, लागेल कदाचित' म्हणावं. मी तिला थांबवलं. आपल्या एका 'कदाचित'वर कुणाचे तरी दागिने गहाण पडतात. आम्ही गावातल्या विहिरींच्या ऑक्टोबर आणि मेच्या नोंदी फळ्यावर लिहिल्या. आहे त्या पाण्यात किती झाडं जगतील, यावर मग बायकाच बोलू लागल्या.

अकोल्याकडे दुखणं वेगळं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात पाणी आहे, पण खारट. "या पान्यात डाळ शिजत नाही," हे बायका सांगतात तेच आमचं मीटर आकड्यात सांगतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवेत. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. इथे खोल गेलं की गोडं पाणी लागेलच असं नाही. म्हणून शेतीला शेततळं आणि प्यायला धरणाचं पाणी, हाच भरवशाचा मार्ग.

मैत्रिणींनो, डब्यातले पैसे आपण मोजूनच खर्च करतो ना? तसंच विहिरीचंही. दोराला दगड बांधा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये पाणी किती खाली आहे ते मोजा, भिंतीवर लिहून ठेवा. पुढची बोअर मारायची की नाही, हे ठरवताना तो आकडा घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा. दागिने काढून देण्याआधी!