मॅटाडोरही जपायला हवी

जुनी फियाट घासूनपुसून उभी दिसली की डोंबिवलीत लोक थांबून फोटो काढतात. माझा जीव मात्र मॅटाडोरवर. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली सुरू केलेल्या बजाज टेम्पोने आधी तीनचाकी टेम्पो आणला आणि १९६९च्या सुमारास ही मॅटाडोर.

तिची खरी करामत खालून वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे मागे जाणारा लांब दांडा नाही आणि हौदा जमिनीपासून बराच खाली. वागळे इस्टेटमधली यंत्रं असोत की कल्याणच्या बाजारातली पोती, हमालाच्या पाठीला तेवढाच आराम. केबिनमध्ये दोन सीटच्या मधोमध इंजिनाचं झाकण. ते इतकं तापायचं, की ड्रायव्हर जेवणाचा डबा त्यावरच ठेवायचे. आमच्याकडे घर बदलायचं म्हणजे मॅटाडोर सांगायची, गणपती आणायलाही तीच.

जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. मात्र ती दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्यांपुरतीच. तीनचाकी टेम्पोला किंवा मालवाहू मॅटाडोरला तिथे थारा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. ठाण्या-कल्याणचे कारखाने मालवाहू गाड्यांनीच चालवले.

कुणाच्या शेडमध्ये मॅटाडोर उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा, इंजिन आणि चासी नंबर जुळवून बघा, आणि मूळ केबिन कापू देऊ नका.