चरबी : रजई की शिदोरी?

एखाद्याला ‘चरबी चढली’ असं आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक नसतं. आज या शब्दाकडे जरा सहानुभूतीनं पाहू. त्यासाठी ध्रुवावर जायला नको, आपली ऐरोलीची खाडी पुरे आहे.

थंडीत चरबी काय करते? एक उत्तर आपल्याला ठाऊक असतं : ती रजई होते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून थंड समुद्रातल्या सील, देवमाशांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पण उडणाऱ्या पक्ष्याला एवढं ओझं परवडणार कसं? त्याची रजई म्हणजे पिसं. त्याच्या अंगातली चरबी ही शिदोरी.

लिटल स्टिंट घ्या. जेमतेम 25 ग्रॅमचा पक्षी. हिवाळाभर ठाणे खाडीच्या चिखलात चोच मारत असतो, आणि अंडी घालायला जातो थेट उत्तरेच्या टुंड्रा प्रदेशात. निघण्याआधी, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातले किडे खाऊन तो चरबी साठवतो. चरबीच का? 1 ग्रॅम चरबीतून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून 4. शिवाय शरीरात पिष्ट साठतं ते पाण्यासकट, चरबी जवळजवळ कोरडी. (आमच्या वैशेषिकांनी ‘स्नेह’ हा गुण पाण्याचाच मानला, तेलातलासुद्धा! इथे मात्र सगळी किंमत कोरडेपणाची आहे.)

खाडीत साठवलेली चरबी टुंड्रापर्यंत पुरते असं मात्र नाही. वाटेत पाणथळींवर उतरून पक्षी पुन्हा खातात. पण पहिलाच टप्पा अर्धपोटी सुरू झाला, तर पुढचं गणित बिघडतं. तिथे पोचल्यावर जूनमध्येही कधी बर्फ असतो, किडे मिळत नाहीत. ते दिवस उरल्यासुरल्या चरबीवर काढायचे, पिसं फुलवून.

आता आपल्या दाराशी येऊ. भरतीला चिखल बुडतो, तेव्हा खाडीचे पक्षी नेरूळकडच्या पाणथळींवर विसावतात. खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या विसाव्याच्या जागा त्या सीमेबाहेर राहिल्या. आम्हाला वाटतं, विसावा ही खाण्याइतकीच गरज आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. फोटोसाठी थवा उडवला, की जमवलेली चरबी तिथेच जळते. एप्रिलमध्ये भरतीच्या वेळी तिकडे गेलात, तर काठापासून लांबच उभे राहा.