हजारातला एक बिट

पडद्यावरचं एक चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाचा रंग सांगायला २४ बिट्स. खेळ सफाईने हलताना दिसायचा तर अशी ६० चित्रं एका सेकंदात लागतात. गुणाकार करून पाहा: सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट्स.

आता नाशिकच्या सातपूर कॉलनीतली नाहीतर श्रमिकनगरमधली एखादी खोली डोळ्यांपुढे आणा. वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला गेलेले, मुलगा जेवण उरकून बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा खेळ लावून बसलेला, आणि खेळता खेळता यूट्यूबवर लाइव्ह. कनेक्शनचा अपलोड स्पीड समजा ४ एमबीपीएस. थोडी जागा मोकळी ठेवायलाच हवी, म्हणून स्ट्रीमच्या वाट्याला येतात ३ एमबीपीएस. सेकंदाला ३० लाख बिट्स. तीन अब्जांतले तीस लाख! दर हजार बिट्समधला एकच बिट खोलीबाहेर पडतो, ९९९ तिथेच राहतात. तरीही शेकडो किलोमीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला झाडामागे दबा धरलेला शत्रू दिसतो. मला हे रोजच्या वापरातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. आणि स्ट्रीम सुधारायची असेल तर तिची किल्लीही याच आश्चर्यात आहे: कोणते ९९९ बिट्स टाकले जातात आणि का.

पहिली काटछाट आपल्या डोळ्यांच्या भरवशावर होते. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तेवढा टिपत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याची उजळता ठेवली जाते, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवला जातो. एवढ्यानेच निम्मे बिट्स गेले, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागला नाही. फक्त एका ठिकाणी ही युक्ती उघडी पडते. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहिलीत तर त्यांच्या कडा पसरतात, कारण तिथे बहुतेक फरक रंगाचाच असतो. स्ट्रीमवर नाव, स्कोअर, सूचना लिहायच्या तर पांढऱ्या, ठळक अक्षरांत लिहाव्यात, त्याचं कारण हे.

दुसरी काटछाट काळाच्या भरवशावर. सेकंदाच्या साठाव्या भागात जगात फारसं काही बदलत नाही. मग सबंध चित्र पुन्हा कशाला पाठवायचं? मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवायचं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण नाशिकचंच आहे. ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बुद्धिबळाच्या लाइव्ह स्ट्रीम्स भारतात एकाएकी लोकप्रिय झाल्या, तेव्हा समय रैनासारख्या विनोदी कलाकारांसोबत तोही त्यांत उतरला. ही काटछाट करणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे एन्कोडरच्या, नजरेने तो पडदा बघा. एक मोहरा हलला की चौसष्ट घरांपैकी साधारण दोन घरं बदलतात, बाकीची बासष्ट जशीच्या तशी. खेळाडू विचारात बुडाला की पटावर काहीच बदलत नाही, आणि एन्कोडर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, जवळपास एवढंच सांगतो: मागचंच चालू ठेवा. बुद्धिबळ, लुडो, पत्ते यांची स्ट्रीम कमी बँडविड्थवरही काचेसारखी स्वच्छ दिसू शकते.

बीजीएमआयमध्ये मात्र खेळाडूने मान वळवली की सगळाच पडदा सरकतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आटवण्याची पद्धत, आजही बहुतेक स्ट्रीम्स वाहून नेतो. तो चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी मागच्या फ्रेममध्ये शोध घेतो: हाच तुकडा आधी कुठे होता? सापडला की ‘इतका डावीकडे, इतका वर’ एवढाच निरोप जातो, तोही पाव ठिपक्याइतक्या अचूकतेने. एका सेकंदात असे लाखो शोध! भिंत, रस्ता, आभाळ सहज सापडतं. गवत सापडत नाही. प्रत्येक पातं वेगळं हलतं, पाऊस वेगळा पडतो, धूर दर क्षणी नवा आकार घेतो. म्हणूनच खेळाडू गवतात लपला की प्रेक्षकांना चौकोन चौकोन दिसायला लागतात आणि चॅटमध्ये ‘क्वालिटी वाढव’ सुरू होतं.

सापडलं नाही ते नव्याने रेखाटून पाठवावं लागतं. हे रेखाटण्याची रीत शोधणाऱ्यांत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. चित्राचा लहानसा चौकोन घ्या. त्यात ठिपके आहेत असं न मानता तो उजेड-अंधाराच्या लहानमोठ्या लाटांची बेरीज आहे असं माना: काही लाटा रुंद, संथ, काही अगदी दाट. रुंद लाटांत चित्राचा बहुतेक सगळा ऐवज साठलेला असतो. दाट लाटा कमी केल्या तरी चित्र ओळखीचं राहतं. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना अहमद यांनी १९७२ मध्ये यावर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि स्नेही के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे त्या रीतीचं नाव. मोबाइलमधला जेपीजी फोटो याच रीतीवर उभा आहे आणि एच.२६४ मध्ये तिचंच पूर्णांकी रूप आहे. अनुदान नाकारलेल्या त्या सोप्या कल्पनेवर आज जगातल्या बहुतेक व्हिडिओंचा भार आहे, हे मला अजूनही पचवता येत नाही.

या लाटा किती कापायच्या हे एन्कोडर क्षणाक्षणाला ठरवतो. सातपूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. इथल्या बॉशच्या कारखान्यात, जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मायको’त, डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. प्रत्येक फटक्याला किती डिझेल सोडायचं याचं जे माप तिथे, तेच इथे बिट्सचं. गाडी चढाला लागली, म्हणजे पडद्यावर धूर-गवत आलं, की जास्त बिट्स हवेत. पण टाकीतून येणारा प्रवाह ३ एमबीपीएसवर बांधलेला. मग लाटांची कापणी वाढते, दाट लाटा सगळ्या जातात, आणि प्रत्येक चौकोनात उरतो एक सपाट रंग. ते फुटलेले चौकोन म्हणजे बिघाड नव्हे. हातात तेवढंच असताना एन्कोडरने केलेली ती वाटणी आहे.

इथे एक हिशोब करावा. १०८०पी (म्हणजे १०८० ठिपके उंच चित्र), ६० फ्रेम्स आणि ३ एमबीपीएस, म्हणजे सुमारे ४१ ठिपक्यांमागे १ बिट. एका बिटात फक्त हो किंवा नाही सांगता येतं, आणि त्यात ४१ ठिपक्यांची कहाणी बसवायची. हेच ७२०पीवर आणलं तर १८ ठिपक्यांमागे १ बिट. फ्रेम्सही ३० केल्या तर ९ ठिपक्यांमागे १. आकडा कमी केला की चित्र चांगलं होतं, हे नव्या स्ट्रीमरला पटत नाही. १०८०पी लिहिलं की दर्जा आला असं त्याला वाटतं. पण प्रेक्षक पाहतो मोबाइलच्या बोटभर पडद्यावर, आणि तिथे स्वच्छ ७२०पी हे फुटक्या १०८०पीपेक्षा कितीतरी देखणं असतं. नेमबाजीचा वेगवान खेळ असेल तर ७२०पी आणि ६० फ्रेम्स, सावकाश खेळ असेल तर ३० पुरे. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान करताना लँक्झॉस फिल्टर निवडला तर कडा जास्त रेखीव राहतात.

बिट्स वाचवण्याची सगळ्यात स्वस्त जागा मात्र सेटिंग्जमध्ये नाही, खोलीतच आहे. कमी उजेडात वेबकॅमच्या चित्रात जी रवाळ खळबळ दिसते ती पूर्णपणे यादृच्छिक असते. मागच्या फ्रेममध्ये ती शोधून सापडत नाही, कारण ती तिथे नव्हतीच. कोपऱ्यातला तुमचा चेहरा असा अंधारात असेल तर तो खेळाच्या वाटणीचे बिट्स खातो. ट्यूबलाइट लावा, कॅमेऱ्याची चौकट लहान ठेवा, मागे साधी भिंत असू द्या. खेळातही मोशन ब्लर, फिल्म ग्रेन बंद करावं. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स ‘स्मूद’वर ठेवलं तर बारीक पोत कमी होतो. खेळणाऱ्याला चित्र थोडं साधं वाटतं, पण एन्कोडरचा भार उतरतो आणि बघणाऱ्याला स्वच्छ दिसतं.

एन्कोडरला वेळही द्यावा लागतो. ६० फ्रेम्सवर एका फ्रेमसाठी त्याच्याकडे सतरा मिलिसेकंदही नसतात. एच.२६४ च्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये ‘व्हेरीफास्ट’ निवडलं तर शोध घाईत आटोपतो, ‘मीडियम’वर तो नेटाने शोधतो आणि तेवढ्याच बिट्समध्ये अधिक नीट चित्र देतो, पण प्रोसेसर घामाघूम होतो. म्हणून ग्राफिक्स कार्डातला स्वतंत्र एन्कोडर असेल तर तोच वापरावा. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ कोडेक हे शोध आणखी हुशारीने घेतो, आणि २०२३ पासून ओबीएसमधून यूट्यूबवर तो थेट पाठवता येतो. मात्र त्याला नव्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड हवं. ज्याच्याकडे ते आहे आणि नेट तुटपुंजं आहे, त्याने दुसरं काही करण्याआधी हे करावं.

आता खोलीतून बाहेर जाणाऱ्या वाटेकडे. नेट पॅकवर लिहिलेला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. मोबाइल नेटवर्कवर तर डाउनलोड आणि अपलोडमधला फरक मुळातच आहे. टॉवर अनेक वॉट्सच्या ताकदीने बोलतो, फोनची कमाल ताकद बहुधा पाव वॉटपेक्षाही कमी. त्या क्षीण आवाजाला पत्र्याच्या छपरातून, काँक्रीटच्या भिंतीतून बाहेर पडायचं असतं. म्हणून हॉटस्पॉटवर स्ट्रीम करायची तर फोन खिडकीत ठेवणं हा उपाय वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. घरात राउटर असेल तर संगणकापर्यंत लॅन केबल ओढावी. भिंतीपलीकडच्या पाच-सहा वायफायशी झगडा तिथेच संपतो.

कारण वाट रुंद असण्यापेक्षा अखंड असणं जास्त मोलाचं. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारताची गाठ रशियाशी होती, कर्णधार विदित गुजराथी. बुद्धिबळाची एक चाल पाठवायला मूठभर बिट्स पुरतात. तरी ऐन डावात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि घड्याळ चालतच राहिलं. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं गेलं.

स्ट्रीमरला अशी दाद मागता येत नाही, पण त्याला आधी पाहून घेता येतं. ज्या वेळी लाइव्ह जाणार त्याच वेळी, म्हणजे रात्री नऊ-दहाला सगळी चाळ नेटवर असताना, अपलोड तीन-चारदा मोजा. जो सर्वांत कमी आकडा येईल त्याच्या पाऊणपट बिटरेट ठेवा. की-फ्रेम, म्हणजे संपूर्ण पाठवलेलं चित्र, दर दोन सेकंदांनी. मग अनलिस्टेड स्ट्रीम लावून दहा मिनिटं मुद्दाम गवतातून पळा आणि दुसऱ्या फोनवर बघा. ओबीएसच्या खालच्या पट्टीत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत असतील तर वाट अपुरी आहे, बिटरेट उतरवा. त्या शून्य आहेत आणि तरी गवत फुटतंय, तर ठिपके कमी करा.