जाताना एक वाट, येताना दुसरी

ईदच्या नमाजला जाताना एका रस्त्याने जावे आणि परतताना दुसऱ्याने यावे, ही प्रेषितांची (स.) रीत आपल्या घराघरांत लहान मुलांनाही माहीत असते. वर्षातून दोनदा आपण ती पाळतो आणि मग विसरतो. चौसाळ्यातल्या आम्ही चार-पाच घरांनी मात्र एरवीही तसेच चालायचे ठरवले. त्याला आम्ही सुन्नतीचे नाव देत नाही, ईदची गोष्ट वेगळी. आमचे कारण अगदी दुनियादारीचे होते. घरातल्या दोन वडीलधाऱ्यांना साखर, एका भाभीचे गुडघे, आणि डॉक्टरांचे एकच म्हणणे: रोज चाला.

चालायचे कुठे? धुळे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून त्याच्या कडेने फजरनंतर फिरणे म्हणजे जीव मुठीत धरणे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांची भर. शिवाय रस्त्याने गेले की त्याच रस्त्याने परत यायचे, हॉटेलांवर बसलेल्यांच्या नजरा दोनदा झेलायच्या. घरातल्या सुना दोन दिवस आल्या आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी काम निघाले. पुरुषांच्या लक्षात यायला वेळ लागला, बायकांच्या आधीच आले होते. मग एका खालांनीच सुचवले, "शिवारातनं का नाही? पाणंदीनं निघू, बांधानं वळू, मागच्या आळीतनं घरात."

तेव्हापासून आमचे तीन फेरे ठरले आहेत. धाकटा तासाभराच्या आतला, मशिदीपासून निघून ओढ्यापर्यंत आणि पलीकडच्या पाणंदीने परत. तो म्हाताऱ्यांचा आणि लहानांचा. मोठा फेरा सुट्टीच्या दिवशीचा, त्याला अडीच तास लागतात, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी लागते. खरी मजा मधल्या फेऱ्यात आहे. काळ्या रानातून सुरुवात होते, मग जमीन हळूहळू मुरमाड होत जाते, पायाखालचा आवाज बदलतो आणि माणूस माळावर येतो. रब्बीत एका हाताला ज्वारी कमरेएवढी, दुसऱ्या हाताला तूर पिवळी. पावसाळा सरता सरता बांधावरची सीताफळे डोळे उघडतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या मुलांना ते कळण्याआधी कोणत्या बांधावरचे झाड आधी पिकते हे कळले. (विचारल्याशिवाय तोडायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी झाला. विचारले की कोणी नाही म्हणत नाही.)

माळावर उभे राहून आम्ही मुलांना पाण्याची गोष्ट सांगतो. आपण बालाघाटाच्या अंगावर राहतो. या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी बिंदुसरेतून बीड शहरातून वाहत सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जाते. आपल्या बाजूचे पाणी मांजरेला मिळते. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि लातूर, बिदर करत, 724 किलोमीटरचा वळसा घालून निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीला भेटते. एका मुलीने विचारले, मग ती सरळ का गेली नाही? तिच्या आजीने उत्तर दिले, "तिला बी मधला फेरा आवडत असंल."

आता अडचणीचे. मधल्या फेऱ्यातली पाऊणशे पावलांची वाट एका पावसाळ्यानंतर नाहीशी झाली. नांगराने खाल्ली. दरवर्षी एक तास, असे करत पाणंदीची पायवाट होते आणि पायवाटेचा बांध. आपण वाचलेच असेल, कुणाची वीतभर जमीन बळकावली तर कियामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक गळ्यात पडेल, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. ही हदीस आपण भाऊबंदकीच्या वाटणीत एकमेकांना ऐकवतो. पाणंद कुणा एकाची नसते म्हणून तिच्याबाबतीत कोणाला आठवत नाही. आणि इथे आम्ही आमच्याच माणसांबद्दल बोलतो आहोत: वाट नांगरणाऱ्यांत सगळ्या समाजांचे शेतकरी आहेत, आपलेही.

आम्ही आधी भांडायला गेलो नाही, भूमी अभिलेख कार्यालयात गेलो आणि गावनकाशाची प्रत काढली. हे काम प्रत्येक गावातल्या एखाद्या तरुणाने करावे असे आहे. नकाशात गावरस्ते दुहेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात, पायवाटेला एकेरी तुटक रेषा. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, हद्दीवरच्या गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. आजच्या पाणंदी पाहिल्या तर हे आकडे खोटे वाटतील. वाट अडवली गेली तर ज्या शेतकऱ्याची वहिवाट अडली त्याला 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पुष्कळ लोक 'पुढच्या हंगामात बघू' म्हणतात आणि मुदत घालवतात. 2025 साली शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय केला आहे, तोही ग्रामसभेत विचारून घ्यावा.

नकाशा घेऊन आम्ही त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो. चहा झाला. तो म्हणाला, "चाचा, वाट व्हती, मी लहानपणी तिथनंच शाळंला गेलो. पर कुणी चालतच नव्हतं, मंग मी म्हणलं पडीक कशाला ठेवू." यात काहीच खोटे नव्हते. चालणारे थांबले म्हणून वाट गेली.

दूरच्या फ्रान्स देशातल्या खेड्यांनी हेच ओळखून उपाय केला. तिथे गावच्या चौकातून निघून शेतां-रानांतून फिरवून पुन्हा चौकात आणून सोडणाऱ्या वाटा ठरलेल्या असतात. दगडावर, झाडावर, खांबावर पिवळी पट्टी असते. दोन पट्ट्यांची फुली दिसली की वाट चुकली समजायचे. 1983 पासून तिथल्या जिल्ह्यांकडे अशा वाटांची यादी करण्याचे काम आहे. यादीतली गावची वाट विकायची असेल, तर आधी पर्यायी वाट द्यावी लागते. आपल्याकडे पाहुण्याला शिवार दाखवायला नेतात, पण वाटेची यादी कोणी करत नाही.

आमच्या मुलांनी चुन्याची पट्टी काढली. पावसात ती धुऊन गेली, दसऱ्यानंतर पुन्हा काढली. वाटेवरच्या काट्या आणि काचा उचलण्याचे काम मुलांकडेच आहे. त्रासदायक वस्तू वाटेतून दूर करणे सदका आहे हे त्यांना मदरशात शिकवलेलेच होते, आता हातात पिशवीही आली.

त्या शेतकऱ्याने ज्वारी निघेपर्यंत दोन फूट सोडले आहेत, एकामागे एक चालता येते. राहिलेले ज्वारी काढल्यावर, म्हणाला. नकाशाची प्रत आम्ही त्याच्याकडेच ठेवून आलो. उन्हाळ्यात येणार असाल तर फजरनंतर लगेच निघा, सूर्य वर आला की माळावर सावली नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडून वळा, आणि काळ्या रानात चपला हातात घ्या.